पक्क्या रंगातला हमीभाव

हातोदच्या मंडीत मी वजनकाटे तपासायला जातो, तेव्हा फाटकाजवळच्या फळ्यावर बाबू भाव लिहीत असतात. आमच्यासारखेच इंदूरचे मराठी, मंडीतले जुने कारकून. वर सोयाबीनचा सरकारी हमीभाव. दरवर्षी तो वाढला की ते ऑइलपेंटने, जीभ किंचित बाहेर काढून, सुबक रंगवतात. खाली आजच्या लिलावाचा भाव, खडूने. तो नेहमीच कमी.

"वरचा सरकारचा आहे भिया, पक्का पाहिजे. खालच्याला तर रोज पोंछायचंच आहे."

मागच्या हंगामात भाव फारच पडला. शेतकऱ्यांनी फाटकात सोयाबीन ओतून रस्ता अडवला. हातात दगड आले, व्यापाऱ्यांनी शटर ओढली. बाबू मात्र ओला फडका घेऊन बाहेर आले आणि शांतपणे खडूचा भाव पुसून टाकला. फळ्यावर हमीभाव तेवढा उरला. लोक थबकून वाचू लागले. पुढच्या म्हाताऱ्याने दगड खाली टाकला.

"बाबूजी, इसी भाव में तुलेगा?"

"कल आओ, देखते हैं."

जमाव पांगला. मला त्यांच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

सकाळी तोच म्हातारा सगळ्यांच्या आधी ट्रॉली भरून आला आणि फळ्यासमोर उभा राहिला. बाबूंनी खडू उचलला.

"ज़रा सरकना, दादा."