नानांचा कोरडा फटकारा

आज मी कॉम्प्युटरवर चित्रं हलवून पोट भरतो, ते नानांमुळे. पूर्ण नाव लिहीत नाही. आपलं नाव कुणी कागदावर उतरवलं की ते आधी कारण विचारत. असा संशयी माणूस तुम्हीही पाहिला असेल.

जळगावच्या त्या स्टुडिओत आम्ही केबलसाठी जाहिराती करायचो. नाना शिंदखेड्याचे, पाट्या रंगवण्यात हयात गेलेली. मी असोद्याचा, घरातला पहिला पदवीधर, सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेला. नाना कोरड्या ब्रशचा फटकारा कागदावर मारत. मी तो स्कॅन करी आणि त्याच पोताने पडद्यावर रंग भरी. मग नाना भिंग घेऊन पडद्याला नाक लावत. "हाई बठ्ठं खरं शे का?" हे सगळं खरं आहे का, एवढं विचारून कागद टराटरा फाडत.

"फाडता कशाला, नाना?"

"कोनी चोरी लिन तर?"

"मी कशाला चोरू?"

"चोर बी असंच म्हनस."

मलाही त्यांचा संशय होताच. दुपारी ते स्टुडिओच्या मालकाच्या, शेठच्या खोलीत जाऊन दार लावत. माझ्याच चुगल्या चालल्या असतील, असं मी धरून चाललो होतो.

एकदा बियाण्यांच्या दुकानाची जाहिरात आली. बैल लांबून चालत येतो आणि नानांच्या फटकाऱ्याने भरलेली त्याची पाठ पडदाभर होते. एका इंचात किती ठिपके घ्यायचे, ते स्कॅनरला सांगावं लागे. मशीन अडकू नये म्हणून मी बहात्तरच घेतले. बैल लांब होता तोवर झकास दिसला. जवळ आला, तर पाठीवर केसांच्या जागी फरश्या बसवलेल्या. मूळ कागद फाटलेला, गिऱ्हाईक बाहेर बसलेलं.

"कुणाची चूक ही?" शेठनी विचारलं.

मी स्कॅनरचं झाकण पुसू लागलो. नानांनी भिंगातून पडदा पाहिला, मग तसंच माझ्याकडे पाहिलं.

"ब्रश ओला राहिला, शेठ. चूक मन्ही शे."

ते नवा फटकारा मारायला बसले. हळूच म्हणाले, "आते किती ठिपका?"

"तीनशे."

"मशीन अडकू दे."

पुढच्या महिन्यापासून शेठनी नानांना बोलावणं बंद केलं. "हात थकला त्यांचा," म्हणाले. मला मात्र कायम केलं. "नाना रोज दुपारी तुझ्यासाठीच भांडायचे माझ्याशी," हेही त्यांनीच सांगितलं.

हे ऐकून मी त्यांना पत्र टाकलं, पण नाना मला पुन्हा दिसले नाहीत. ते पत्र असं होतं:

ती. नानांस सा. न. वि. वि.

बैल तुमच्या ब्रशने बिघडला नव्हता. ठिपके मी कमी घेतले होते. आज शेठना तसं सांगितलं. त्यांनी तुम्हाला परत बोलावलं आहे. माझं काय करायचं, ते सोमवारी ठरवणार आहेत. मी इथे नसलो तरी तुम्ही या.