फ्रीजला रॉकेलचा वास

ये गं, अशी जवळ बस. आणि ते नाक आधी सरळ कर. दिवाळीनंतर आत्ता उगवतेस, पाण्याची बाटली घ्यायला फ्रीज उघडतेस आणि लगेच म्हणतेस, "मावशी, फ्रीजला रॉकेलचा वास येतोय." येतो. ठाऊक आहे मला. लिंबाची फोड ठेवून झाली, कोळसा ठेवून झाला, खायचा सोडासुद्धा वाटीत ठेवला. थोडा गेला, थोडा राहिला. तू आधी तो फोन बाजूला ठेव. कांदिवलीला परत न्यायला गाड्या काय, संध्याकाळीपण मिळतात. वास कसा आला ते ऐक, मग हवं तेवढं नाक मुरड.

माझ्या लेकीची लेक माझ्याकडे असते. विक्रोळीला ऑफिस, मुलुंडहून जायला सोयीचं, म्हणून आजीकडे. शनिवार-रविवार मात्र ती कुठल्या ना कुठल्या गडावर. यंदा त्यांचा ग्रुप हिमालयात बर्फात राहायला जाणार होता आणि हिने ग्रुपच्या सरांकडे मागून काय घेतलं, तर किचनचा तंबू.

मी म्हटलं, "घरात कधी कुकर लावत नाहीस, आणि हिमालयात जाऊन स्वयंपाकघर मागतेस?"

"आजी, ते स्वयंपाकघर नाही गं. तिथे ज्याच्याकडे स्टो, त्याचं सगळे ऐकतात."

मग तिने मला समजावलं. वर पाण्याचा थेंब नसतो, सगळा बर्फ. तो वितळवला तर पाणी, नाहीतर चहा नाही, भात नाही, बाटलीत भरून घ्यायला काही नाही. गॅसची डबी थंडीत मलूल पडते म्हणून सर रॉकेलचा स्टो नेतात. म्हणजे स्टो हाच तिथला नळ आणि तीच चूल. हे काम नीट पार पाडलं तर पुढच्या मोसमात सर तिला स्वतःची तुकडी घेऊन जाऊ देणार होते. ते तिचं स्वप्न. पण सरांनी अट घातली होती. ग्रुपचा एक जुना, बंद पडलेला स्टो तिला दिला आणि म्हणाले, "रविवारी तुझ्याकडे येतो. हा दुरुस्त करून, पेटवून दाखव. नाही जमलं तर काम दुसऱ्याला देईन, तू नुसती ट्रेकला ये." नुसती ट्रेकला ये, हे तिला फार लागलं होतं.

स्टो पाहून मला आधी हसूच आलं. आपल्या पितळी स्टोचं पोट, डोकं आणि पाय कुणीतरी वेगवेगळे केल्यासारखे. रॉकेल पत्र्याच्या बाटलीत, बाटलीच्या तोंडात पंप, तिथून एक नळी निघून पलीकडे बर्नरला. बर्नरला तीन घडीचे पाय. मी म्हटलं, हा तर आपल्याच घरातला, फक्त परदेशात शिकून आलेला.

पंप मारून पाहिला तर दांडा फसकन आत जाई. हवा धरतच नव्हता. मी दांडा बाहेर काढला. टोकाला चामड्याचा वायसर होता, वाटीसारखा, वाळून कडक झालेला. हे दुखणं माझ्या ओळखीचं. घाटकोपरच्या खोलीत आमचा सगळा स्वयंपाक पंपाच्या स्टोवर. रविवारी सगळ्यांच्या डोक्याला खोबरेल चोळून झालं की सासूबाई त्याच तेलकट बोटांनी वायसर चोळायच्या. डोक्याला आणि स्टोला एकच बाटली. मी तेच केलं. वायसरची कड बोटाने हळूहळू बाहेरच्या बाजूला फुलवली, खोबरेल मुरवलं, दांडा परत बसवला. आता पंप मारताना हाताला जोर लागायला लागला.

घरात पेटवायचा नाही एवढी अक्कल दोघींना होती. आम्ही गच्चीवर गेलो. टाकीच्या आडोशाला स्टो मांडला, बाटली पाऊण भरली, वर हवेला जागा ठेवली. नातीने पिन घालून बर्नरचं भोक साफ केलं. तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी जिना चढून आले. गुजराती माणूस, मुलुंडमध्येच जन्मलेला, मराठी माझ्यापेक्षा फर्डं बोलतो.

"काकी, सोसायटीत रॉकेट उडवायचं तर अर्ज द्यावा लागतो."

"रॉकेट नाही हो, स्टो आहे. बसा, चहा देते."

ते बसले नाहीत. खाली जाऊन आग विझवायची वाळूची लाल बादली घेऊन आले आणि बादलीची कडी धरून बाजूला उभे राहिले.

आता पेटवायची खरी गोम काय, तर थांबणं. बर्नरखालच्या वाटीत थोडं स्पिरिट ओतायचं, काडी लावायची आणि ते जळून संपत येईपर्यंत रॉकेल सोडायच्या चावीला हात लावायचा नाही. बर्नर चांगला तापला की रॉकेलची वाफ होते आणि निळी ज्योत लागते. घाई केलीस तर कच्चं रॉकेल वर येतं आणि पिवळा भडका. आमची पोरगी कशी, लिफ्टचं बटण सात वेळा दाबणारी. पहिल्यांदा तिने घाई केलीच. कमरेएवढा भडका झाला. चावी बंद केली तिने लगेच, पण सेक्रेटरींनी बादली उचललीच होती. "काकी, वाट लागली असती," म्हणाले. दुसऱ्यांदा मी तिचा हात माझ्या हातात धरून ठेवला. ज्योत निळी लागली, घूंऽऽ आवाज सुरू झाला, आणि त्याच स्टोवर आम्ही तिघांनी चहा घेतला.

झालं, आम्ही खूश. खाली येताना मी सहज, थट्टेत म्हटलं, "इथे उकडतंय म्हणून पेटला. वर बर्फात ठेवून बघ."

ती जिन्यात थांबली. म्हणाली, "आजी, फ्रीजर."

पंप रिकामा केला, पुसला, पिशवीत गुंडाळला आणि मटारच्या पिशवीशेजारी ठेवून दिला. सकाळी बाहेर काढून बाटलीवर बसवला. तिने दांडा दाबला. फसकन आत. परत दाबला, फसकन. हवेचा पत्ता नाही. उघडून बघतो तर वायसरवर पांढरे कण. खोबरेल थिजलं होतं आणि चामडं पापडासारखं ताठ.

आता बघ, डिसेंबरात बाथरूममधली खोबरेलाची बाटली उन्हात ठेवायची, हे मला ठाऊक नाही का? जन्मभर ठेवते आहे. पण आमचा स्टो कधी थंडीत बसलाच नव्हता. दहा बाय बाराच्या खोलीत, घामाच्या धारांत, खोबरेल कशाला थिजतंय. बर्फात जाणाऱ्या स्टोला खोबरेल लावणं हे आपल्यासारख्यांनाच सुचू जाणे.

पोरगी खुर्चीवर बसून राहिली. म्हणाली, "सरांना फोन करून सांगते, दुसऱ्याला द्या."

मी म्हटलं, "सांग की. पण रविवार यायचाय अजून. आज फ्रीजर तर आपलाच आहे."

मग तिने जे केलं ते मला कधी सुचलं नसतं. घरातलं होतं नव्हतं तेवढं तेल स्टीलच्या वाट्यांत थोडं थोडं काढलं. शेंगदाण्याचं, तिळाचं, मोहरीचं, एरंडेल. प्रत्येक वाटीला चिकटपट्टीवर नाव. सगळा फ्रीजर वाट्यांनी भरला, मटार बाहेर आले, त्या दिवशी मटार उसळ झाली. एक वाटी मी माझ्यातर्फे दिली. शिलाई मशीनचं तेल. ब्लाउज शिवणं सोडलं तरी त्याची बाटली खणात असतेच माझ्या.

संध्याकाळी एकेक वाटी काढून तिरकी करत गेलो. शेंगदाण्याचं घट्ट होऊन बसलेलं. एरंडेल हलायचं नाव घेईना. तिळाचं आणि मोहरीचं हललं, पण जड अंगाने. मशीनचं तेल मात्र पाण्यासारखं इकडून तिकडे पळालं.

"झकास," ती म्हणाली. तिचा आवाज परत आला होता.

स्टोबरोबर सरांनी दिलेल्या दुरुस्तीच्या किटमध्ये एक कोरा वायसर होता. मी म्हटलं, तो घाल. तर म्हणे नाही, तो वर अडचणीला ठेवायचा, इथे हाच सुधारायचा. मग बाल्कनीत बसून जुना वायसर तिने रॉकेलमध्ये धुतला, फडक्यात दाबला, परत धुतला, खोबरेलाचा अंश राहू दिला नाही. सावलीत वाळवला आणि मशीनच्या तेलात मुरत ठेवला. त्यानंतर रविवारपर्यंत पंपाचा मुक्काम फ्रीजरमध्येच. हवा तर धरत होता, पण तिचा विश्वास बसेना, परत परत ठेवायची. तर हा वास तिथून आलेला.

रविवारी सर आले. शांत माणूस, कमी बोलणारा. चपला काढून गच्चीवर मांडी घालून बसले. सेक्रेटरी बादली घेऊन आधीच हजर. नात खालून पंप घेऊन आली, त्याच्यावर दव धरलेलं. सर म्हणाले, "हा कुठे होता?"

"फ्रीजरमध्ये, सर. काल रात्रीपासून."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान दुसरीकडे वळवली. मला घरी ताकीद होती, आजी तू मधे बोलायचं नाहीस.

तिने दव पुसलं, पंप बसवला. दांडा जोर लावल्यावरच आत गेला. स्पिरिट ओतलं, काडी लावली. आणि मग ती थांबली. मी पदर मुठीत धरून बसले होते, कारण तिचा हात चावीपाशी जाताना दिसला मला. गेला, आणि मागे आला. तिने दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले आणि वाटीतली ज्योत बसायला लागेपर्यंत तशीच बसून राहिली. मग चावी, अगदी नखभर. निळी ज्योत. घूंऽऽ.

सरांनी पातेलं ठेवलं नाही की काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "किचन तुझं. तेल कुठलं वापरलंस ते बाकीच्यांना पण सांग." सेक्रेटरींनी बादली खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

गेली ती. मशीनच्या तेलाची माझी बाटली घेऊन गेली. वर रेंज नसते, पण एकदा कुठल्याशा उतारावर मिळाली तेव्हा फोटो आला. सगळीकडे पांढरं, मधे काळं पातेलं, त्यात अर्धा वितळलेला बर्फ. खाली लिहिलं होतं, आजी, रोज पेटतो, आणि मी रोज थांबते. सरांनी तिथूनच तिला सांगितलंय म्हणे, पुढच्या मोसमातली पहिली तुकडी तुझी. एवढंच कळलंय, बाकी आल्यावर तिच्याकडूनच ऐकायचंय.

ती यायला थोडेच दिवस राहिलेत. तोवर घर फार गप्प आहे गं. आता आलीसच आहेस तर जेवून जा, आणि ती आली की परत ये. एवढा उशीर लावू नकोस. रविवारी सकाळीच ये, मुलांना पण आण.