साडू म्हणतील तिथे जेवण

जळगावात मी पंचवीस वर्षं राहतो, नोकरी करतो, घरपट्टी भरतो. पण जळगावात कुठे जेवायचं, हे साक्रीचे एक गृहस्थ ठरवत आलेले आहेत. हे गृहस्थ म्हणजे माझे थोरले साडू, बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो आणि तिला अक्का. साक्रीत भाऊंचं बियाण्यांचं दुकान आहे. खरेदीच्या निमित्ताने महिन्या-दोन महिन्यांनी ते अक्काला घेऊन जळगावला येतात, उतरतात आमच्याकडे, पण जेवत नाहीत. "घरनं ते साक्रीले भी खातस. गावले उनं म्हणजे गावनं खावं," हा त्यांचा नियम. माझी बायको आधी या नियमाने दुखावली होती. पुढे पुढे ते येणार म्हटलं की ती निवांत टीव्हीपुढे बसू लागली.

एकदा मी धीर करून फोनवर साडेचार तारे मिळालेलं एक हॉटेल त्यांना दाखवलं. भाऊंनी चष्मा लावून हसऱ्या गिऱ्हाइकांचे सगळे फोटो नीट पाहिले आणि फोन परत देत म्हणाले, "पाव्हना, आठे बठ्ठा लोके हासी ऱ्हायनात. जेवाले बसेल मानूस कधी हासस का?" तेव्हापासून मी माझ्याच गावात त्यांच्या मागे मागे चालतो.

त्यांची पद्धत अशी. रिक्षावाल्याला विचारायचं नाही, दुकानदाराला तर नाहीच. हॉटेलातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, दात कोरणाऱ्या माणसाला गाठायचं. पोट भरलेला माणूस खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा आम्ही धुळ्याला गेलो, तेव्हा तिथल्या स्टँडसमोर त्यांनी असंच एका गृहस्थाला अडवलं. त्या गृहस्थांनी "एकदम बेस्ट" म्हणून ढेकर दिली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या हॉटेलात जाऊन थेट गल्ल्यावर बसले. ते त्या हॉटेलचे मालक निघाले. भाऊ आनंदाने तडक पहिल्या हॉटेलात शिरले. स्वतःचं सोडून मालक जिथे जेवतो, त्याहून मोठी पावती कोणती? त्या दिवसाची शेवभाजी खरोखर चांगली होती, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं.

पण नुसत्या साक्षीवर ते थांबत नाहीत. बसल्यावर आधी अर्धा ग्लास पाणी पितात. मग एक वाटी रस्सा नुसता मागवतात आणि वरची तर्री कशी हलते ते, नदीला पूर आल्यावर काठावरून पाहावं तसं, पाहत राहतात. पसंत पडली नाही तर उठतात. अशा वेळी मी बहुधा पहिला घास तोंडात घातलेला असतो. तो चावत चावत, वाढप्याची नजर चुकवत मी बाहेर येतो. भरताच्या बाबतीत तर त्यांचा तपास मागच्या दारापर्यंत जातो. वांगी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर भाजली पाहिजेत, म्हणून ते आधी मागे काड्यांचा ढीग शोधतात. एका ठिकाणी ढीग होता, पण त्यावर कोळ्याचं जाळं होतं. "दखाडाना ढीग शे हाऊ," म्हणत, त्या नुसत्या दाखवायच्या ढिगाकडे पाठ करून भाऊ पुढे, पोटात कावळे घेऊन मी मागे, आणि माझ्या मागे हातात पिशवी धरून अक्का. अक्का कधी काही बोलायची नाही. उठा म्हटलं की उठायची, बसा म्हटलं की बसायची.

मागच्या वर्षी अक्काला कावीळ झाली. कावीळ उतरली, पण तोंडाची चव गेली ती परत येईना. जळगावच्या डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं आणि भाऊंना सांगितलं, "पोटात काही गेलं नाही, तर दोन दिवसांनी ॲडमिट करावं लागेल." बाहेर येताच भाऊ म्हणाले, "चाला." मीही पहिल्यांदाच मनापासून त्यांच्या मागे निघालो. एका ठिकाणी मऊ खिचडी, एका ठिकाणी ज्वारीची भाकरी आणि मुगाचं वरण, तिसऱ्या ठिकाणी कढी-भात. सगळं पारखून, आचाऱ्याशी बोलून, मीठ कमी सांगून मागवलेलं. प्रत्येक ठिकाणी अक्काने एक घास घेतला आणि ताट हळूच पुढे सरकवलं.

तिसऱ्या हॉटेलच्या पायरीवर भाऊ थांबले. त्यांच्याकडचे सगळे उपाय संपले होते. त्यांनी अक्काकडे वळून विचारलं, "तुले काय खावानं शे?"

अक्का गोंधळली. पदर सारखा करत म्हणाली, "माले काय माहीत? कधी कोनी इचारंच नही."

 मी चपलेचा अंगठा नीट करायला वाकलो. मग अक्कानेच रस्त्यापलीकडे बोट केलं. तिथे इडली-डोशाचं एक हॉटेल होतं, काचेचं दार, आत रंगीत दिवे. भाऊ त्याला दुरूनच नाकारत आले होते. "तठे जाऊत का? माले एकदाव आत जाईसन पहानं व्हतं."

आम्ही आत गेलो. भाऊंनी पाणी चाखलं नाही, मागचं दार शोधलं नाही. अक्काने इडली मागवली. एक खाल्ली, मग दुसरी, मग सांबाराची वाटी पुन्हा भरून घेतली. भाऊंची इडली ताटात तशीच होती. ते तिच्या हाताकडे पाहत होते, घास उचलतो की नाही एवढंच.

ती हात धुवायला गेली, तेव्हा ते माझ्याकडे झुकले. "पाव्हना, तिले मी जळगावले आजलोंग कितला डाव आनं व्हयी?"

मी आपला प्रामाणिकपणे, किती खेपा झाल्या याचा मनातल्या मनात हिशोब करू लागलो. त्यांच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि हिशोब तिथेच सोडला.