कापामावशीचा हात

कापितोलिना सावेल्येव्हनाला गिरणीत सगळे कापामावशी म्हणत, पण ते मायेनं म्हणत असं कुणी समजू नये. आमच्या लिननच्या गिरणीत ती दुसऱ्या विणकाम खात्याची मुकादम होती आणि एका तुटलेल्या धाग्यावरून माणसाला रडवायची. आधी माझ्या आईला रडवलं, मग मला. खानावळीत ती बीटचं सूप घेऊन एकटी बसे. शेजारची खुर्ची रिकामी असली तरी आम्ही उभ्यानं खात असू.

सभेत मात्र आम्हाला तीच लागायची. पहिल्या रांगेत डाव्या टोकाला तिची जागा. ठराव वाचून झाला, "बाजूनं कोण?" असं विचारलं, की तिचा हात वर जाई आणि तिच्यामागे सगळ्या सभागृहाचे. ठरावात काय आहे ते कोण ऐकतंय? मागच्या रांगांत बायका मोजे विणत आणि एक डोळा त्या हातावर ठेवत.

मग सुधारणा आल्या. सोव्हिएत देश आता मोडतोय, असं तेव्हा बाहेरचे लोक पैज लावून सांगत होते. मोडला नाही. प्रजासत्ताकांनी नवा करार केला, दुकानांत चीज दिसू लागलं, वर्तमानपत्रांत मंत्र्यांना शिव्या छापून येऊ लागल्या आणि लाल निशाण क्रेमलिनवर होतं तिथंच राहिलं. वीसेक वर्षं झाली त्याला. आता गिरणीचा संचालकसुद्धा आम्ही कामगारच निवडतो. हात वर करायची पद्धत तेवढी जुनीच राहिली, कारण चिठ्ठ्या कुणी मागितल्याच नाहीत.

गेल्या निवडणुकीत उमेदवार दोन. नियोजन विभागातला मुखिन, बोलायला गोड. त्याला दुसरं खातं बंद करून ती जागा फर्निचरवाल्यांना द्यायची होती. दुसरा मेकॅनिक बुशुयेव, कायम चिडलेला, पण खातं चालू ठेवीन म्हणणारा. मुखिन आला तर आमच्या खात्यातल्या सगळ्या बायका घरी बसणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. कापामावशी आठवडाभर मागांमधून फिरत होती. माझ्यापाशी येऊन म्हणाली, "तुझ्या डोक्यात भुसा आहे, पण हात तरी धड आहे ना? बुशुयेवच्या नावाला वर कर."

"तुमच्याकडे बघूनच करते की मावशी, नेहमीसारखा."

"मग बघ नीट," ती म्हणाली.

सभेत मुखिनचं नाव आधी आलं. अध्यक्षबाईंनी त्याची योजना वाचून दाखवली. दुसऱ्या खात्यातल्या भगिनींनी या योजनेला आनंदानं संमती दिली आहे, असं तीत लिहिलं होतं. आम्हाला कुणी विचारलंही नव्हतं. कापामावशीची मान लालबुंद झालेली मला मागून दिसली. अध्यक्षबाईंनी विचारलं, "बाजूनं कोण?" आणि तिनं हात वर केला. तिला बोलायचं होतं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तिला सभेत विरोध करायचा होता, आणि बोलायची परवानगी मागायला तिच्याकडे तोच हात होता.

मागे सगळं सभागृह हात वर करून बसलं.

"मी बोलायला हात केलाय," ती उठून म्हणाली. "हे धडधडीत खोटं आहे. मी विरोधात आहे."

अध्यक्षबाई समजूतदार. आता मोकळेपणाचे दिवस आहेत, गैरसमज नको, म्हणाल्या, आणि नव्यानं विचारलं, "विरोधात कोण?"

तिचा हात वरच होता. या वेळी घोटाळा व्हायला काही जागाच नव्हती. मुखिन मंचावर जरासा पुढे झुकला आणि हसत हसत एकेका रांगेवरून नजर फिरवू लागला. बायकांनी मांडीवरचे मोजे उचलले. मीही उचलले, माझा एक टाका सुटला होता. कापामावशीनं मागे वळून आधी माझ्या आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अध्यक्षबाई "घ्या आता खाली" म्हणेपर्यंत तो एकटा हात तसाच होता.

बुशुयेवचं नाव पुकारायची वेळच आली नाही; मुखिन संचालक झाला आणि वसंतात खातं बंद पडलं. आता कापामावशी बाजारात दिसली की बायका एकमेकींना कोपर मारतात. हिनंच बुडवलं आपल्याला, पहिला हात हिचाच होता, म्हणतात. मीही तेच सांगते. आणि पावाच्या रांगेत ती पुढे उभी असली, तर मी दुसऱ्या दुकानात जाते.