आधी कोण आलं

मुलांनो, काल आजोबांचा काळा कोट उन्हात टाकताना डांबरगोळ्यांचा वास आला आणि तुमचा फोनवरचा प्रश्न आठवला, आजी, तुला सगळ्यात जास्त भीती कधी वाटली, म्हणून आजच लिहिते. तेल्हाऱ्याकडच्या एका लहान मुलीच्या खुनातल्या आरोपीचं वकीलपत्र आजोबांनी घेतलं होतं. अकोल्यातल्या आमच्या घरावर दगड पडले होते. भरदुपारीही मी दाराला आतून कडी घालायची. एका दुपारी दार वाजलं. फटीतून पाहिलं तर कोर्टात पाहिलेली त्या मुलीची आई, एक हात पदराखाली. मी नको म्हणत असतानाच आजोबांनी दार उघडलं. "वकीलसायेब," ती हळू म्हणाली, "मी त्याच्या आंधी आली असती, तं तुमी माह्याकडून उभे रायले असते न?" आजोबा म्हणाले, "तुमच्याकडून सरकार उभं आहे, बाई. त्याच्याकडून कुणीच नव्हतं." तिने पदराखालून मुलीचा फोटो काढला. "सरकारनं कुठी पायलं माह्या पोरीले? तुमी तरी पाहा." आजोबांनी फोटो दोन्ही हातांत धरून पाहिला. वकीलपत्र त्यांनी सोडलं नाही. ती गेल्यावर मला दगडांपेक्षा तिच्या त्या हळू आवाजाची भीती वाटली. खटला केव्हाच संपला. ती भीती अजून आहे.