सूर्यभानतात्यांचं बघणं

काष्टीच्या बाजारात सूर्यभानतात्या बैलांची दलाली करायचे. दात आणि चाल बघून बैलाचं वय आणि मालकाचा खोटेपणा एकदमच सांगायचे. पुढे लोक त्यांना आजारी माणसं बघायलाही नेऊ लागले. हे कसं सुरू झालं ते कुणाला आठवत नाही. तात्यांना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. ते उंबऱ्यात उभे राहायचे, टोपी मागं सारायचे आणि म्हणायचे, "लेकींना बोलवून घ्या." नाहीतर, "काय न्हाई, उठंल."

सहसा चुकत नसत. गंमत अशी, की त्यांना बोलावणं जायचं तेच सगळ्यात शेवटी. आधी घरचा काढा, मग अंगारा, मग इंजेक्शन, आणि हे सगळं थकलं की तात्या. तोवर आजारी माणूस एकतर उठून बसलेला असे, नाहीतर त्याला घोटभर पाणीही जात नसे. अशा वेळी गोठ्यातल्या म्हशीनंही बरोबर सांगितलं असतं. पण म्हशीला टोपी नसते, म्हणून नाव तात्यांचं झालं.

बहात्तरच्या दुष्काळात बाजार मोडला. बैल चारा छावणीला गेले आणि तात्या गावाबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. तिथं एका सकाळी त्यांची चुलत भावजय झुंबरबाई हगवणीनं आडवी झाली. डोळे खोल गेले, हातपाय गार पडले. तात्या शेजारीच होते. आयुष्यात पहिल्यांदा ते सगळ्यांच्या आधी पोचले.

"मच्छिंद्रदादा," ते तिच्या नवऱ्याला म्हणाले, "दिस मावळंपातूर टिकायची न्हाई. कोपरगावला पोरीला सांगावा धाडा."

सांगावा गेला. तेवढ्यात खडीचा ट्रक आला. मुकादमानं झुंबरबाईला त्यात घालून जवळच्या दवाखान्यात पोचवलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी लगेच सलाईन लावलं.

दुपारनंतर तात्या चालत दवाखान्यात गेले, दुःखाचा चेहरा वाटेतच तयार करून. आत झुंबरबाई भिंतीला टेकून बसली होती आणि शेळी कुणाच्या भरवशावर सोडली म्हणून नवऱ्याला झापत होती.

"या भावजी," ती म्हणाली. "रडायला आलाव व्हय?"

"वहिनी, सकाळी म्या सवता बघितलं हुतं..."

"बैलाला पानी पाजून बाजारात आनला, की तुमीच म्हनता ना, ह्यो फुगवटा हाय, खरा बैल न्हाई? मग माझ्यातलं समदं पानी निघून गेल्यावर बघितली, ती तरी खरी झुंबर का?"

डॉक्टर मोठ्यानं हसले. "तात्या, तुम्ही सलाईनच्या आधी पाहिलंत. आता नाडी बघा. उद्या घरी सोडतो यांना."

तात्यांना हे लागलं. "तुमी बाटली लावल्यावर बघून सांगताय, डाक्टर. ह्यो पन फुगवटाच की."

डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं. संध्याकाळी सलाईन काढलं आणि दिवेलागणीला हगवण पुन्हा सुरू झाली. डॉक्टर अनवाणीच धावले. नवी बाटली चढली. मच्छिंद्रदादा दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होते. कुणीतरी एकानं एकच काहीतरी ठाम सांगावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"आता कसं म्हनायचं?" त्यांनी विचारलं.

"आता बसायचं," डॉक्टर म्हणाले. "घडीघडीला बघत राहायचं."

तात्याही बसले. निकाल न सांगता इतका वेळ ते पूर्वी कधीच बसले नव्हते.

झुंबरबाई वाचली. कोपरगावची लेक दवाखान्याच्या फाटकापासूनच हंबरडा फोडत आली, तेव्हा आईनंच तिला दटावलं, "हळू रड, आजारी मानसं झोपल्यात."

पुढल्या वर्षी पाऊस झाला, बाजार पुन्हा भरू लागला. तात्यांना बोलावणीही येऊ लागली. पण त्यांचा निकाल काही लवकर लागेना. लोक वैतागले. एका नजरेत सांगणारा माणूस गावाला हवा होता. हा तर सकाळी बघून दुपारी परत यायचा. विद्या गेली म्हाताऱ्याची, असंही काहीजण म्हणाले.

एकदा गावातल्या रतनबाईच्या सासऱ्याला सकाळी हुडहुडी भरून फणफणून ताप आला. दुपारी घाम सुटला आणि म्हातारा भाकरी मागू लागला.

"बरं वाटलं म्हनायचं ना, तात्या?" रतनबाईनं विचारलं.

"तसं म्या काय म्हनत न्हाई," तात्या खाटेजवळ बूड टेकत म्हणाले. "तू च्या ठेव. दिस मावळंपातूर हाय मी हितंच."