एका आवारातल्या दोन शाळा

आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोणीच आलं नाही, म्हणून बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेची मी इनचार्ज मुख्याध्यापिका झाले. इनचार्ज म्हणजे जबाबदारी सगळी वाढलेली आणि शिकवायचे वर्ग होते तेवढेच. मी बेळगावच्या शहापूर भागातल्या विणकराची मुलगी. मुलांपुढे माझा आवाज खुलायचा, मोठ्या माणसांपुढे मात्र घशातच राहायचा. त्यामुळे पहिल्या दिवशी त्या खुर्चीत बसायचंही मला अवघड झालं. मी बाजूच्या स्टुलावर बसूनच सह्या केल्या.

शिक्षक आम्ही तिघं आणि वर्ग सात. पहिली ते तिसरीची मुलं एकाच खोलीत बसायची. शिकवता शिकवता शाळेच्या स्वयंपाकघरातून हाक यायची, ‘बाई, गॅस संपला.’ तोवर मोबाइलवर तालुक्याचं सर्क्युलर येऊन पडायचं, तेही कन्नडमधून. माझं कन्नड बाजारापुरतं. भाजीचा भाव करता यायचा, सर्क्युलर वाचताना घाम फुटायचा.

आमच्या राज्यात मराठी शाळेतही पहिलीपासून कन्नड शिकवायचा नियम आहे. पुस्तकं वेळेवर आली, पण कन्नडच्या शिक्षकांची बदली झाल्यापासून त्यांची जागा रिकामी होती. मी अर्ज करत राहिले. ‘बघू’ यापलीकडे उत्तर आलं नाही. तिकडे रोज सकाळी गावात एका इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन यायची आणि आमच्या वर्गातलं एखादं मूल जूनमध्ये त्या व्हॅनमध्ये बसलेलं दिसायचं. पट घसरला की शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करणार, अशी बोलवा होतीच.

एके दिवशी शाळा सुटताना एक आई माझ्याकडे आली. तिची थोरली मुलगी आमच्याकडून सातवी होऊन हायस्कूलला गेली होती.

“बाई, पोरगी रडत घरी येतीया. गणितात पुढं हाय, पण कन्नडच्या तासाला तोंड उघडंना. धाकटीला तुमच्याकडं ठेवू का नको, तुम्हीच सांगा.”

“थोडे दिवस थांबा,” एवढंच मी म्हटलं. त्या रात्री मी नीट जेवलेही नाही.

आमच्याच आवारात, करंजाच्या झाडांपलीकडे कन्नड शाळा होती. मैदान एक, बोअरवेल एक, पण झेंडावंदनं दोन. पंधरा ऑगस्टला दोन्हीकडचे लाउडस्पीकर एकदमच सुरू व्हायचे आणि कोणाचंच भाषण कोणाला कळायचं नाही. तिथल्या मुख्याध्यापिका कन्नड मुलखातल्या, बैलहोंगलकडच्या. इतकी वर्षं आम्ही एकमेकींना नमस्कार करत होतो, त्यापुढे गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी झाडांपलीकडे गेले आणि मोडक्या कन्नडमध्ये विचारलं, आमच्या मुलांना थोडं कन्नड शिकवाल का?

त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, “शिकवतो की. पण आमच्याकडे गणिताचा माणूस नाही. तुम्ही येता?”

आम्ही दोघीही हसलो. एवढी सोपी गोष्ट आधी कुणाला का सुचली नाही, याचं मलाच नवल वाटलं.

ती सोपी नव्हती, हे शाळा सुधारणा समितीच्या बैठकीत कळलं. समितीचे अध्यक्ष शेतकरी, शिवाय बेळगावात फाउंड्रीत कामाला जाणारे. शाळेसाठी कायम धावून येणारा माणूस. ते ताडकन म्हणाले, “बाई, आज त्येंच्या बाई शिकवायला येतील, उद्या शाळाच त्येंची हुईल. आपली भाषा सोडून चालायचं न्हाय.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. एरवी मी बसून राहिले असते. पण रडत घरी येणारी ती मुलगी माझ्या डोळ्यांपुढे होती.

“अण्णा,” मी म्हटलं, “मराठी सोडायला मी कुठं सांगतेय? ही शाळा मराठीच राहावी म्हणून तर चाललंय सगळं. इथून गेलेली पोरं पुढं अडखळतात असं दिसलं, तर आया त्यांना व्हॅनमध्येच बसवणार. मग मराठी शिकवायची कुणाला? रिकाम्या बाकांना?”

माझा आवाज थरथरत होता, पण बाहेर पडला. अध्यक्षांनी टोपी काढून परत डोक्यावर घातली आणि म्हणाले, “दसऱ्यापतोर बघू. जमलं न्हाय तर बंद.”

कन्नड शाळेच्या बाई पहिल्यांदा आमच्या चौथीच्या वर्गावर आल्या तेव्हा मुलं चिडीचूप झाली. त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. फळ्यावर कन्नड अक्षरांत तीन शब्द लिहिले आणि एकेकावर बोट ठेवून वाचले, “अण्णा. अक्का. अप्पा.”

“ह्ये तर आमचंच हाय!” मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, आणि सगळा वर्ग हसला. मग शब्द शोधायचा खेळच सुरू झाला. मुलं घरात, शेतात ऐकलेले शब्द सांगू लागली आणि बाई ते लिहीत गेल्या.

पलीकडच्या कन्नड शाळेत माझी मात्र फजिती झाली. पाढा म्हणताना मी नऊला ‘एंबत्तु’ म्हणाले. एंबत्तु म्हणजे ऐंशी. पाचवीची मुलं पोट धरून हसली. पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि मोठ्या शिक्षिकेसारखी म्हणाली, “टीचर, ओंबत्तु!” मी तिच्यामागून म्हटलं, सगळ्या वर्गाने माझ्याबरोबर म्हटलं, आणि त्यानंतर ती मुलं मला गणितातलं काहीही विचारायला लाजली नाहीत. आपल्या बाईंचंही चुकतं, हे त्यांनी पाहिलं होतं. अपूर्णांक शिकवायला मी घरची एक इरकल नेली. काठ, पदर, अंग असे साडीचे भाग मोजताना भाषेची अडचण फारशी आलीच नाही.

दसऱ्याच्या आधी तालुक्याचे अधिकारी तपासणीला आले. आमच्या वर्गावर दुसऱ्या शाळेच्या बाई पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. कुणाच्या आदेशाने हे चाललंय, असं त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. आदेश नाही, गरज आहे, असं मी कन्नडमध्येच सांगितलं. व्याकरण सगळं चुकलं असणार. त्यांनी एका मुलाला उभं करून कन्नडचा धडा वाचायला लावला. तो अडखळत, पण शेवटपर्यंत वाचत गेला. अधिकारी उठताना म्हणाले, “मी लेखी काही देणार नाही. पण बंदही करू नका.” आमच्याकडे धोरण असंही ठरतं.

दसरा होऊन गेला आणि बंद करायचा विषय अध्यक्षांनी काढलाच नाही. पुढच्या पंधरा ऑगस्टला त्यांनीच भाड्याने आलेल्या दोनपैकी एक लाउडस्पीकर परत पाठवला आणि झेंडावंदन एकत्र झालं. आधी आमच्या मुलीचं भाषण, मग त्यांच्या मुलाचं.

सगळंच काही सुधारलं नाही. व्हॅन अजून येते. दोन मुलं तिच्यातून उतरून परत आमच्याकडे आली, बाकीची गेली ती गेली. पाऊस लागला की सहावीची खोली गळते. पण त्या आईने धाकटीला आमच्याकडेच ठेवलं. यंदा तर कन्नडसाठी वर्षापुरती नेमलेली एक अतिथी शिक्षिकाही मिळाली. हौशी पोरगी आहे, मुलं तिच्या मागे मागे असतात.

बैलहोंगलच्या बाईंची त्यांच्या गावाकडे बदली झाली. निरोपाला दोन्ही शाळांची मुलं रडली. मला काळजी लागली, आता नवीन येणारे काय म्हणतील? हजर झाल्याच्या दिवशीच कन्नड शाळेचे नवे मुख्याध्यापक झाडांखालून चालत आमच्या दारात आले. आपली ओळख करून दिली आणि जरा संकोचत म्हणाले, “मुलं सकाळपासून एकच विचारतायत. आमच्या पाचवीला तुमचा गणिताचा तास कधी?”

मी खडू उचलला आणि म्हटलं, “आत्ताच घेते, चला.”